कधीच नव्हता असा जुना डबा

“प्रेरणा घ्या,” असं धाकट्या साहेबांनी काकांना सांगितलं. सर्दी झालेल्याला वाफ घ्या म्हणावं, तसा त्यांचा सूर होता. काका केबिनमधून बाहेर आले ते कान लाल करूनच.

काका म्हणजे बिस्किट कंपनीचे चित्रकार. एके काळी पुड्यांवरची अक्षरं, खोक्यांवरची चित्रं, गाड्यांच्या पाठीवरचा हसरा मुलगा, सगळं त्यांच्या हातचं असायचं. मग संगणक आले, आणि काकांकडे खिडकीजवळचं एक टेबल, ब्रशांचा गठ्ठा आणि पुडीवर वजनाचा आकडा सरळ बसलाय की नाही ते बघण्याचं काम उरलं. मधूनमधून ते स्वतःहून एखादं चित्र काढून आत पाठवत. ते चित्र ‘जुनाट वाटतंय’ असा शेरा घेऊन परत येई. हा शेरा त्यांनी इतक्या वेळा वाचला होता की, आपलं आडनाव बदललंय की काय अशी त्यांना शंका यायची.

आणि आता त्याच साहेबांना जुनाटच हवं होतं. फक्त त्याला आता रेट्रो म्हणायचं होतं. जुनाट म्हटलं की माळ्यावर टाकायचं आणि रेट्रो म्हटलं की दिवाणखान्यात मांडायचं, एवढाच काय तो फरक. कंपनीच्या वाढदिवसानिमित्त बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघणार होता. आजोबांच्या तरुणपणी जशी जाडजूड, तिरकी, सावली पडलेली अक्षरं असत तशी अक्षरं त्यावर हवी होती, आणि जशी गोबऱ्या गालांची माणसं असत तशी माणसं. काकांनी नम्रपणे निदर्शनाला आणून दिलं की, त्या काळात आपल्या कंपनीचा डबा नव्हताच. बिस्किटं सुटी विकली जात, आणि तीही गेल्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात बांधून.

“म्हणून तर करायचा,” साहेब म्हणाले. “डबा बघून लोकांना तो आठवला पाहिजे.”

“जो नव्हता तो?”

“तोच. आणि काका, तुम्ही तर त्याच काळातले.”

काका छप्पन्न वर्षांचे होते. साहेब ज्या काळाबद्दल बोलत होते त्या काळात काकांच्या वडिलांना जेमतेम मिसरूड फुटलं होतं. पण माणसाचे केस पांढरे झाले की तरुण मंडळी त्याला सरसकट इतिहासात ढकलतात, मग तो कुठल्या शतकात जाऊन पडला याची चौकशी करत नाहीत. काकांनी हा अपमान गिळला. गिळण्याला कारणही तसंच होतं. पंधरा दिवसांत कच्चं चित्र पसंत पडलं नाही तर काम बाहेरच्या मंडळींकडे जाणार होतं, आणि मग चित्रकाराला टेबल कशाला, असा प्रश्न आपोआपच निघणार होता. त्या खिडकीशी कॉफीचं मशीन छान बसेल, असं हिशेबनीस दोनदा बोलून गेला होता.

शिवाय काकांना तो डबा मनापासून हवा होता. आयुष्यभर त्यांनी पुड्या रंगवल्या, आणि पुडी म्हणजे फोडली की चुरगाळून फेकायची. डबा घरात राहतो. बिस्किटं संपली की त्यात डाळ येते, मग सुईदोरा येतो, मग कसल्या कोणास ठाऊक किल्ल्या येतात, पण झाकणावरचं चित्र जागच्या जागी असतं. झाकणापासून बुडापर्यंत आपल्या हातचा एक तरी डबा मागे राहावा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी बायकोशिवाय कोणाला सांगितली नव्हती. बायको म्हणाली होती, “होईल. पण आधी गॅसवाल्याला फोन करा.”

प्रेरणेची सुरुवात संगणकापासून झाली. तिथल्या मुलीने अर्ध्या मिनिटात शेकडो नमुने काढून दाखवले. सगळ्यांत एकच बाई, तेच दात काढून हसत होती, आणि तिच्यामागे तेच चांदणीसारखं काहीतरी फुटलेलं होतं. काकांना त्यातलं काही कामाचं नव्हतं. त्यांची पद्धत वेगळी होती. खऱ्या अक्षरावर पातळ कागद ठेवायचा आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची. कुठे ब्रश दाबला, कुठे उचलला, ते तेव्हाच हाताला समजतं. डोळ्यांनी पाहिलेलं डोळ्यांतच राहतं, हातात उतरत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. संगणकाच्या काचेवर कागद ठेवून त्यांनी प्रयत्न केला, तर पेन्सिल लागताच बाई सरकून भलतंच पान आलं. मुलगी हसली. काका तिथून उठले.

तेव्हा बायकोला आत्याचा डबा आठवला. काकांच्या आत्याकडे तिच्या लग्नातला एक पत्र्याचा डबा होता. झाकणावर कप धरलेली जाडी बाई आणि वर गोल वळणाची अक्षरं. लहानपणी काका त्या बाईला घाबरत. ऐकल्याबरोबर त्यांचे हात शिवशिवायला लागले आणि त्यांनी एक घोडचूक केली. त्यांनी आत्याला आधी फोन केला. तुझा तो डबा बघायला मुद्दाम येतोय, असं तिला सांगितलं.

आपल्याकडे कोणी काही बघायला येतंय म्हटल्यावर माणसं काय करतात? पोरांचे केस विंचरतात, अंथरुणाची घडी घालतात आणि जे बघायला पाहुणा येणार ते घासूनपुसून ठेवतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. काकांनाही ठाऊक होतं, पण त्यांच्या अंगात प्रेरणा संचारली होती. रविवारी ते पातळ कागदाची गुंडाळी घेऊन पोचले, तर आत्याने टेबलावर एक लखलखीत डबा ठेवलेला. त्यावर ना बाई, ना कप, ना अक्षर.

“दोन दिवस घासत होते,” आत्या म्हणाली. “तारेच्या घासणीने. खांदा धरला माझा. पण तू एवढा येणार, मग तसलं काळवंडलेलं काय दाखवायचं?”

काकांनी झाकणात पाहिलं. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो बघण्यासारखा नव्हता. ऐंशी वर्षांच्या बाईवर ओरडता येत नाही. त्यांनी “वा, छान निघालाय” असं म्हटलं, खांद्याला लावायला मलम आणून दिलं आणि घरी येऊन स्वतःची चप्पल भिंतीवर फेकून मारली.

चप्पल ज्या भिंतीवर लागली तिच्यापलीकडे टेप राहत. टेप म्हणजे निवृत्त इंजिनियर. मोजायची टेप कायम खिशात असल्यामुळे इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. आवाज कसला आला ते बघायला ते आले, भिंतीवरचा डाग किती उंचीवर आहे ते मोजलं, आणि सगळी हकिगत ऐकून सल्ला दिला. सल्ला देताना टेप नेहमी डोळे मिटतात, त्यामुळे समोरच्याचा चेहरा त्यांना बघावा लागत नाही. जुनी मासिकं बघा, ते म्हणाले. मोठ्या ग्रंथालयात जुन्या मासिकांचे बांधलेले खंड आहेत आणि त्यांत जाहिराती असतात.

सल्ला चक्क चांगला होता, आणि त्याचा काकांना जास्तच राग आला.

ग्रंथालयातल्या कारकुनाने विचारलं, खंड कशासाठी हवेत? काका म्हणाले, प्रेरणेसाठी. कारकुनाने शांतपणे सांगितलं की, प्रेरणेसाठी खंड देता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा परीक्षा, यांपैकी काय ते सांगा. काकांनी संशोधन म्हटलं. मग मार्गदर्शकाचं पत्र लागेल, कारकून म्हणाला. छप्पन्नाव्या वर्षी काका मार्गदर्शक शोधायला बाहेर पडले आणि अखेर टेपनाच शरण गेले. टेपनी पत्र दिलं, पण त्या दिवसापासून ते खरोखरच मार्गदर्शकासारखे वागायला लागले. जिन्यात भेटले की, कुठवर आलं, असं विचारत. प्रबंध आधी मला दाखवा, असंही एकदा म्हणाले.

खंड आले. काकांनी पहिला उघडला. लेख होते, कथा होत्या, पाककृतीही होत्या. जाहिरात एकही नव्हती. दुसरा उघडला. तोही तसाच. मुखपृष्ठंसुद्धा नव्हती. त्यांनी कारकुनाला विचारलं तेव्हा त्याचा चेहरा अभिमानाने उजळला.

“बांधणीच्या वेळी जाहिरातींची पानं काढून टाकायची आमची पद्धत आहे,” तो म्हणाला. “पहिल्यापासूनची. वाचकाला मध्ये कचरा नको.”

काकांनी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कारकुनाने भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवलं. ती पाटी संगणकावर केलेली होती, आणि जागा भरून काढण्यासाठी तिची अक्षरं दोन्ही बाजूंनी ताणलेली होती. ते पाहून काकांचा आवाज आणखी चढला. त्यांना बाहेर नेण्यात आलं. मार्गदर्शकांना नंतर कळवण्यात आलं.

आता थोडे दिवस उरले होते आणि हिशेबनीस खिडकीशी येऊन प्लगची जागा बघून गेला होता. त्या संध्याकाळी बस-थांब्यावर उभे असताना काकांनी समोर पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. समोरच्या लाँड्रीवर पत्र्याची एक पाटी होती. ती ते रोज बघत होते. तिरकी, मांसल अक्षरं, त्यांची उजवीकडे पडलेली निळी सावली, वेलांटीचा असा फटकारा की वाटावं, पाटीबाहेर जाईल. आणि कोपऱ्यात इस्त्रीचा सदरा घातलेला एक गोबरा माणूस, स्वतःच्या कॉलरवर जाम खूश असलेला. रंग उडालेला, कडा गंजलेल्या, पण प्रत्येक फटकारा जिवंत.

काका रस्ता ओलांडून गेले. लाँड्रीवाल्याला त्यांनी आपली अडचण सांगितली. शनिवारी सकाळी शिडी घेऊन येतो, पाटीवर कागद लावून गिरवून घेतो, तुमचं काही बिघडणार नाही. लाँड्रीवाला इतका खूश झाला की त्याने काकांच्या शर्टाची कॉलर तिथल्या तिथे फुकट इस्त्री करून दिली. आमच्या पाटीचं चित्र काढायला ऑफिसातले साहेब येणार, असं तो शेजारच्या दुकानदाराला सांगत होता, ते काकांनी जाताना ऐकलं. ते ऐकून त्यांना आनंद झाला. आत्याची आठवण यायला हवी होती, ती आली नाही.

शनिवारी शिडीचं एक टोक टेपनी धरलं होतं, एक काकांनी. मार्गदर्शकाने प्रत्यक्ष जागेवर हजर राहायलाच हवं, असं टेपचं म्हणणं पडलं. दोघं लाँड्रीसमोर आले. वर एक कोराकरकरीत फ्लेक्स झळकत होता. त्यावर लाँड्रीवाल्याचा स्वतःचा फोटो होता, हात जोडलेला, आणि मागे गुलाबी ढग.

“रात्रीत करून घेतला,” लाँड्रीवाला म्हणाला. “तुम्ही खास येणार, आणि ती गंजकी पाटी काय गिरवायची? याच्यावर लावा कागद.”

“जुनी कुठाय?”

जुनी पाटी भिंतीला टेकून उभी होती. तिला दोन्ही बाजूंनी लाल गंजरोधक रंग फासलेला होता. पत्रा चांगला जाड आहे, पाण्याच्या टाकीवर झाकायला उपयोगी पडेल, असं लाँड्रीवाल्याने समजावून सांगितलं.

मग काकांचा बांध फुटला. आत्यावर गिळलेलं, कारकुनावर अर्धवट राहिलेलं, साहेबांवर कित्येक वर्षं साठलेलं, सगळं त्या बिचाऱ्या लाँड्रीवाल्याच्या अंगावर आलं. चांगली दिसणारी गोष्ट पुसून टाकायचा तुम्हा लोकांना रोग झालाय का, असं त्यांनी विचारलं. माणसं जमली. टेपनी गर्दीतल्या मंडळींना संशोधनाचा विषय समजावून सांगायला घेतला. लाँड्रीवालाही शेवटी माणूसच होता. त्याने पदरचे पैसे घालून काकांचा मान ठेवला होता, आणि वर शिव्या खाव्या लागत होत्या.

“एवढं होतं ना त्या पाटीत, तर काढा तुम्हीच तशी,” तो म्हणाला आणि भिंत रंगवून उरलेले पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे दोन डबे त्याने काकांपुढे आपटले.

काकांनी बाह्या सरसावल्या. लाल पत्रा शिडीला टेकवला आणि हातात आला तो झिजका ब्रश घेऊन सुरुवात केली. गिरवायला काही नव्हतं. मोजायला वेळ नव्हता, टेप मात्र प्रत्येक अक्षर मोजत होते. काकांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. एकेका अक्षराला त्यांनी एकेक शिवी वाहिली, मोठ्या अक्षरांना मोठी. वेलांटी आली तेव्हा हिशेबनिसाची आठवण झाली, आणि ती जी सुटली ती थेट पत्र्याच्या कडेपर्यंत गेली. गोबऱ्या माणसाला मिशी हवी असं गर्दीतून कोणीतरी म्हणालं. नको असं दुसरा म्हणाला. काकांनी दोघांना गप्प केलं आणि कॉलर उंच काढली.

दुपारी पाटी उभी राहिली. लाँड्रीवाला बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ती बाजूच्या भिंतीवर खिळे मारून लावली आणि काकांना सरबत दिलं. काकांचा राग गेला नव्हता, पण त्याला आता हातपाय पसरायला जागा मिळाली होती. डोळ्यांनी पाहिलेलं हातात उतरत नाही, हे आपलं आयुष्यभराचं मत साफ चुकीचं होतं, हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचाही त्यांना राग आला.

सोमवारी पाटीचा फोटो त्यांनी साहेबांपुढे ठेवला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. हेच ते, ते म्हणाले, हेच हवं होतं, कधीची आहे?

“परवाची,” काका म्हणाले. “मी काढली.”

साहेब पुन्हा बसले. फोटो त्यांनी दोन बोटांनी बाजूला सरकवला. छान आहे, पण खरी नाही ना, असं ते म्हणाले. रेट्रोमध्ये अस्सलपणा हवा. काका बोलले असते तर नोकरी गेली असती. त्या आठवड्यात काम बाहेर गेलं आणि टेबल खिडकीपासून उचलून जिन्याशी नेऊन ठेवलं. खिडकीशी कॉफीचं मशीन आलं. ते तासातासाला शिट्टी मारायचं, आणि दर शिट्टीला काकांच्या हातातली पेन्सिल मोडायची.

महिनाभराने बाहेरची मंडळी आपलं काम दाखवायला आली. सगळ्यांना बोलावलं म्हणून काकाही मागे जाऊन बसले. एक दाढीवाला पडद्यावर फोटो दाखवत बोलत होता. आम्ही गल्लीबोळ पालथे घातले, तो म्हणाला, आणि हा खजिना सापडला. पडद्यावर लाँड्रीची पाटी आली. भिंतीला लावायचा रंग पत्र्यावर टिकतो थोडाच. त्याला पापुद्रे सुटले होते, इस्त्रीच्या धुराने पांढऱ्याचं पिवळं झालं होतं आणि निळी सावली अर्धी उडाली होती.

“अंदाजे सत्तर वर्षांपूर्वीची,” दाढीवाला म्हणाला. “चित्रकार अज्ञात. पण बघा, या अक्षरांत त्या काळचं समाधान आहे. घाई नाही, राग नाही. शीळ घालत काढलेली वाटतात की नाही?”

“शीळ नव्हती,” मागून काका म्हणाले. “शिव्या होत्या.”

सगळ्यांनी माना वळवल्या. काका उठून उभे राहिले. गेल्या महिन्यातली पाटी आहे, ती माझी आहे, आणि साहेबांनी ती बघितलेली आहे, असं त्यांनी सांगितलं. दाढीवाला पडद्याकडे बघत राहिला. धाकटे साहेब पाटीकडे बघत होते, मग काकांकडे, मग पुन्हा पाटीकडे. त्यांना आठवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. चूक कबूल करणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

“हो,” ते म्हणाले, “पण तेव्हा ती नवीन होती.”

डबा काकांकडे आला. खिडकीशी टेबल परत नेऊ का, असं साहेबांनी विचारलं, तर काका नको म्हणाले. जिन्याशीच बसून त्यांनी तो काढला, झाकणापासून बुडापर्यंत. येणाऱ्याजाणाऱ्यांना अंग चोरून जावं लागे आणि काका खुर्ची सरकवून घेत नसत. हिशेबनीस तर रोज चार वेळा अडकायचा. अक्षरं उतरली ती लाँड्रीपेक्षाही सरस.

साहेब स्वतः जिन्याशी बघायला आले. खूश होते. फक्त एक कमी आहे, ते म्हणाले. तळाशी एखाद्या चित्रकाराचं नाव हवं, त्या काळातलं वाटेल असं, म्हणजे डबा अस्सल दिसेल. तुम्हाला सुचेल ते टाका काका, हवं तर त्यासाठीही कुठून तरी प्रेरणा घ्या.

काकांनी बारीक ब्रश घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी कंपनीच्या कुठल्याही चित्रावर सही केली नव्हती, ती पद्धतच नव्हती. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, मग वडिलांचं, मग आडनाव, आणि प्रत्येक अक्षराला सावली दिली.

साहेबांनी वाकून मोठ्याने वाचलं.

“वा,” ते म्हणाले. “अगदी त्या काळातलं वाटतं. असलं नाव शोधलंत कुठून?”

“इथेच सापडलं, साहेब,” काका म्हणाले. “जिन्याशी बसतं.”